नरसक्कानं गुंडाळलेली कॉइल

काशिनाथ मैंदर्गीला जन्मभर एकाच गोष्टीची किळस येत आली होती, ती म्हणजे झुरळ. माणसांची किळस यायला त्याला वयाची बासष्टी गाठावी लागली, आणि त्यालाही कारण झुरळच झालं.

सोलापुरात त्या साली झुरळांनी उच्छाद मांडला होता. वर्षानुवर्षं लोकांनी खडू ओढले, जेल लावलं, फवारे मारले. त्यातून जी तगली त्यांचीच पिलावळ आता गटारांत आणि फ्रिजच्या मागे नांदत होती. औषध मारलं तर ती मिशा हलवून पुढे चालू लागत. उन्हाळ्यात पारा सत्तेचाळिसावर गेला की गटारं कोरडी पडत आणि ही सगळी फौज घरांत शिरे. काशिनाथची बायको महानंदा पिठाचा डबा उघडण्याआधी सिद्धरामेश्वराचं नाव घेई. एकदा कडक भाकरीच्या चवडीत, दोन भाकरींच्या मधोमध, एक चपटं होऊन मेलेलं सापडलं. तेव्हापासून काशिनाथनं कडक भाकरी सोडली, आणि सोलापूरच्या माणसानं कडक भाकरी सोडणं म्हणजे काय ते सोलापूरच्या माणसालाच कळेल.

पस्तीस वर्षं त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळलेली मोटार उघडायची, आतली काळी तार उपसायची, नवी भरायची, वॉर्निशच्या टाकीत बुडवून वाळवायची. हात थकले तसं त्यानं काम बंद केलं आणि शहाण्णव फ्लॅटच्या पुष्पांजली रेसिडेन्सीत राहायला गेला. दुकान मात्र विकलं नाही. सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून जी बिडी कामगारांची गल्ली होती, तिच्या तोंडाशीच ते दुकान होतं. तिथे आता त्याचा छंद राहत होता.

छंद टेस्ला कॉइलचा. प्रकार तसा साधा. प्लास्टिकच्या पाइपावर केसासारखी बारीक तांब्याची तार हजारभर वेढे गुंडाळायची, एकाला एक चिकटून, एकही वेढा दुसऱ्यावर न चढता. पायथ्याशी जाड तारेचे पाच-सहा वेढे द्यायचे आणि डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमचं गुळगुळीत पोकळ कडं बसवायचं. अशा गुंडाळीला स्वतःची एक लय असते. काशिनाथच्या कॉइलची लय सेकंदाला दोन लाख दहा हजार हेलकाव्यांची होती. झोपाळ्याला नेमक्या वेळी नुसतं बोट लावलं तरी तो उंच जातो, तसे खालच्या जाड तारेतून त्याच लयीत विजेचे धक्के दिले की वरच्या टोकाला लाखभर व्होल्ट चढतात. पूर्वी हे धक्के ठिणग्या पाडून देत, कानठळ्या बसत. काशिनाथच्या यंत्रात ते काम चार मॉसफेट करत, म्हणजे बोटाच्या पेराएवढे इलेक्ट्रॉनिक स्विच. जवळ धरलेली जुनी ट्यूबलाइट वायरीशिवाय पेटे, आणि एवढ्या एका मौजेसाठी या माणसानं दीड वर्ष आणि सदतीस मॉसफेट जाळले होते.

तार मात्र त्यानं गुंडाळली नव्हती. ती नरसम्मा येलदीनं गुंडाळली होती. सगळे तिला नरसक्का म्हणत. वयाच्या आठव्या वर्षापासून तिशीपर्यंत ती बिड्या वळत होती, मग मैंदर्गीच्या दुकानात वाइंडिंगला आली आणि तिथेच म्हातारी झाली. बिडीच्या पानाची घडी घालणाऱ्या त्या बोटांखालून तार अशी जाई की भिंगातूनही फट दिसत नसे. तंबाखूची धूळ मात्र छातीत राहून गेली होती. दम्याचा पंप तिच्या कमरेला कायम खोचलेला.

कॉइल ट्यून करताना ती शेजारी उभी राहून मीटर वाचून दाखवी.

"अण्णा, मी जवळ आले की तुमचा आकडा का पडतोय ओ?"

"माणसाचं अंगसुद्धा कंडेन्सरच असतं, नरसक्का, वीज साठवतं. तुम्ही जवळ आलात की लय खाली येते."

"म्हणजे मीबी मशिनीतच हाय म्हणा की," ती हसून म्हणाली, आणि हसता हसता खोकू लागली.

मे महिन्यात दुकानाची लाइन दोन दिवस बंद होती म्हणून काशिनाथनं कॉइल घरी आणली आणि मागच्या गॅलरीत लावली. वीज सलग न सोडता तुकड्यातुकड्यांनी सोडणारं सर्किट त्यानं सेकंदाला सतरा तुकड्यांवर ठेवलं आणि लय ठरल्यापेक्षा जरा वर चढवली. त्याबरोबर मोरीच्या जाळीतून झुरळं वर आली. एक, दोन, मग लोंढाच. करडी पिल्लं, पंखवाली थोराड, पोटाशी अंड्याची पिशवी धरून ओढणारी. भिंतीवर चढून, कठड्यावरून, पलीकडे. सगळ्यांचं तोंड एकाच बाजूला, कॉइलपासून दूर. काशिनाथ खुर्चीवर उभा राहिला. तोंडात आंबट पाणी आलं. पण डोळे काही मिटेनात. आतून महानंदाचा आवाज आला, "अहो, ओट्यावरची कुठं पळाली हो सगळी?"

आठ दिवसांत त्याला नियम सापडला. झुरळाच्या मिशा विजेच्या क्षेत्रात वाकतात, आणि मिशीच्या मुळाशी त्याला ते कळतं. लय कॉइलच्या स्वतःच्या लयीपेक्षा वर ठेवली तर प्रत्येक तुकडा एकदम उसळून उठे. झुरळाला ते अंगावर कुणीतरी धावून आल्यासारखं वाटे, ते पळे. लय किंचित खाली ठेवली तर तुकडा हळूहळू चढे आणि हळूहळू उतरे. ते झुरळाला दाटीवाटीनं बसलेल्या आपल्याच मंडळींसारखं वाटे, आणि ते जवळ येई. हाकलायचं ट्यूनिंग सैल होतं, एकदा लावून दिलं की कुणी बघायची गरज नाही. बोलवायचं मात्र फार नाजूक. झुरळं जमली की त्यांच्याच अंगांनी लय सरके आणि सगळा डाव उधळे. ती सावरायला शेजारी माणूस बसायला हवा, आपलं अंग जरा पुढे, जरा मागे करत. बोलवायचं कुणाला होतं म्हणा! काशिनाथनं तो प्रयोग एकदाच केला, पायजम्यावर चढलेलं पहिलं झुरळ झटकलं आणि तीन वेळा अंघोळ केली.

सोसायटीचे चेअरमन झळकीकर या प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी दारात हजर झाले. पन्नाशीचा, गुळगुळीत दाढीचा, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणारा माणूस.

"काका, हे गच्चीवर लावायचं. सगळ्या सोसायटीचा दुवा मिळेल तुम्हाला."

काशिनाथ हुरळला. खोटं कशाला सांगा, चांगलाच हुरळला. पस्तीस वर्षं लोकांनी त्याला 'मोटार झाली का' एवढंच विचारलं होतं. कॉइल गच्चीवर पाण्याच्या लोखंडी पाइपांशेजारी बसली, म्हणजे तिचं क्षेत्र पाइपांवाटे प्रत्येक स्वयंपाकघरात उतरेल. तिच्याभोवती पिंजरा झाला, पिंजऱ्याला कुलूप लागलं, वर धोक्याचा लाल दिवा लागला. तीन दिवसांत शहाण्णव फ्लॅटमध्ये औषधालाही झुरळ उरलं नाही. महानंदा पहाटे उठून नुसतीच उघड्या कपाटासमोर उभी राहिली आणि डोळ्याला पदर लावला. रविवारी क्लब हाउसात शाल-श्रीफळ झालं. आणखी पाच सोसायट्यांनी अशीच कॉइल मागितल्याचं झळकीकरांनी माइकवरून सांगितलं, टाळ्या झाल्या. ती सगळी झुरळं गेली कुठे, हे एकानंही विचारलं नाही. काशिनाथनंही नाही. मोटार फिरली की झाकण लावून गिऱ्हाइकाला द्यायची, हीच त्याच्या हाताची सवय होती.

नरसक्का मात्र सत्काराला आली नाही. दुकानाकडेही आठवडाभर फिरकली नाही. सोमवारी सकाळी काशिनाथ सत्काराच्या पेढ्यांचा पुडा घेऊन मागच्या गल्लीत गेला.

तिच्या दाराला हात लावला तर चौकटच सरकल्यासारखी वाटली. चौकट नव्हती सरकली. आतली भिंत तपकिरी होती, आणि ती हलत होती. माळ्यावरून झुरळं टपटप पडत होती. तिच्या लेकीच्या फोटोच्या काचेमागे पिल्लं दाटली होती. पाण्याच्या माठावर, उशीवर, चुलीशेजारच्या मिठात, सगळीकडे. आणि तो वास! तेलकट, आंबूस, घशात चिकटून बसणारा. काशिनाथच्या हातातला पुडा पडला, आणि पेढे क्षणात झुरळांनी काळे झाले.

नरसक्का खाटेवर बसलेली होती. खाटेचे चारही पाय पाण्याच्या डब्यांत. तोंडाला ओला टॉवेल, हातात पंप. छाती भात्यासारखी वाजत होती.

"आत येऊ नका, अण्णा," ती म्हणाली. मग बराच वेळ नुसता श्वास घेतला. "परवा सरकारी दवाखान्यात नेलतं पोरीनं. डॉक्टर म्हणतंय, झुरळाची घाण छातीत चाललीय. आता पुन्हा असा झटका आला तर माणूस हाती लागत नाही म्हणे. दुसरीकडं जावा म्हणलं. कुठं जाऊ ओ?"

"कधीपासून झालं हे?"

"तुमच्या गच्चीवर लाल लाइट लागली, त्या दिवसापासून." तिच्या आवाजात राग नव्हता, तेच काशिनाथला सहन होईना. "तुमचं गेलं ते आमच्यात आलं की. झुरळ काय हवेत विरघळतंय व्हय, अण्णा?"

तो रस्त्यावर येऊन गटाराशी ओकला. झुरळांमुळे ओकला की आपल्यामुळे, ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

तसाच तो झळकीकरांच्या ऑफिसात गेला. पंख्याखाली बसून झळकीकर पिस्ता बर्फी खात होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, तुमचं मन मोठं आहे," ते बोटं चाटत म्हणाले. "पण एक सांगा, ही झुरळं मूळची आली कुठून? त्या गल्लीतूनच ना? आपण फक्त त्यांना त्यांच्या घरी पाठवलं."

"तिथं एक बाई मरायला टेकलीय, साहेब."

"मग त्यांनीही मशीन घ्यावं. तुम्ही सवलतीत द्या."

"म्हणजे ती पुढच्या गल्लीत जातील."

"जाऊ देत की." झळकीकरांनी हसून बर्फीचा बॉक्स पुढे केला. "शेवटी कुठेतरी जाणारच. घ्या, ताजी आहे."

त्या हिरव्या ओलसर तुकड्याकडे, त्या चाटलेल्या बोटांकडे बघताना काशिनाथला जी शिसारी आली, ती झुरळाची कधी आली नव्हती. झुरळ निदान आपलं पोट भरतं आणि गप्प बसतं. हा माणूस खात होता आणि वर तत्त्वज्ञान सांगत होता.

घरी महानंदानं ऐकलं आणि भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली. "नरसक्काचं वाईट वाटतंय हो मला. पण मशीन बंद करू नका. चाळीस वर्षं मी यांच्यात संसार केलाय, बाळंतपणाच्या खोलीतसुद्धा होती. आता पुन्हा नाही. पुन्हा आली तर मी लेकीकडे जाईन, आणि परत यायची नाही."

ती धमकी देत नव्हती. तिनं सुरी उचलली आणि ती पुन्हा भाजी चिरू लागली. यंत्राचं बटण वर केलं तर नरसक्का जाते, बंद केलं तर बायको जाते. नुसतं खाली केलं तर सगळी घाण सोसायटीतल्या तान्ह्या पोरांच्या पाळण्यांत. घाण कुणाच्या घरात टाकायची, एवढंच ठरवायचं त्याच्या हातात होतं. घाण संपवायचं बटण त्यानं बनवलंच नव्हतं.

दोन दिवस तो विचार करत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेला आणि खाली येऊन झळकीकरांना म्हणाला, "वाइंडिंग जळलंय. दुकानात न्यावं लागेल."

जळलेल्या वाइंडिंगबद्दल मैंदर्गीच्या शब्दावर सोलापुरात कुणी शंका घेत नसे. पस्तीस वर्षांत तो याबाबतीत पहिल्यांदाच खोटं बोलला. झळकीकरांनी चावी काढून दिली. "संध्याकाळपर्यंत परत आणा बरं का. लोक ओरडतील."

काशिनाथनं दुकानाचं शटर अर्धं वर केलं. वॉर्निशची जुनी टाकी ओढून मध्ये आणली. पुरुषभर लांब, गुडघाभर खोल. ती साबणाच्या पाण्यानं भरली, तिच्यावर आडवी फळी टाकली आणि फळीच्या मधोमध कॉइल ठेवली. गल्लीतून येणारा पाण्याचा लोखंडी पाइप दुकानाच्या भिंतीवरूनच जात होता, क्षेत्राला तेवढी वाट पुरे होती. मग त्यानं लय खाली आणली, मूळ लयीच्या जराशी खाली, आणि कॉइलपासून हातभर अंतरावर स्टूल टाकून बसला. बाहेर बाराचं ऊन रटरटत होतं.

पहिल्यांदा आवाज आला. वाळलेली पानं कुणी ओढत नेतंय असा. मग शटरखालून ती आली. गल्लीतली, गटारातली, भिंतीपलीकडची. जमीन दिसेनाशी झाली. टाकीच्या कडेवरून चढून ती फळीकडे धावत, एकमेकांच्या पाठीवरून घसरून पाण्यात पडत, आणि मागून आणखी येत. कॉइलच्या कड्यावर त्यांचा थर बसला, तसा मीटरचा आकडा पडू लागला. काशिनाथनं अंग मागे घेतलं, आकडा सावरला. थर पाण्यात कोसळला की तो पुढे झुके. पुढे झुकलं की ती त्याच्यावर चढत. पायांवरून, पायजम्याच्या आतून, मानेवरून. कानापाशी मिशा हुळहुळल्या. त्यानं डोळे आणि ओठ गच्च मिटले. बोटांना सारखं वाटत होतं, झटकावं. झटकलं असतं तर लय सुटली असती. जन्मभराची किळस अंगावर चढवून तो तासन्तास तसाच बसून राहिला, पुढे, मागे, पुढे, मागे. दोनदा तो स्वतःच्याच मांडीवर ओकला आणि त्यानं तोंडसुद्धा पुसलं नाही.

पाच वाजता झळकीकर मशीन न्यायला आले. शटरखालून वाकून त्यांनी आत पाहिलं आणि किंकाळी फोडून मागे सरले.

"काका! अहो किळस येत नाही तुम्हाला?"

काशिनाथनं डोळे उघडले. "येते की," तो ओठ हलतील न हलतील असा म्हणाला. "फार येते. पण आपलीच आहेत साहेब. नीट बघा, तुमच्या घरचीही असतील."

झळकीकर पळाले ते थेट अंघोळीलाच गेले असणार. तिन्हीसांजेला टाकी काठोकाठ काळी झाली. नरसक्काच्या घरातली भिंत पहिल्यांदा पांढरी दिसली.

काशिनाथ घरी आला तेव्हा दाराबाहेर गरम पाण्याच्या दोन बादल्या, साबण आणि धुतलेले कपडे ठेवलेले होते. दार बंद होतं. महानंदा आतूनच म्हणाली, "इथंच अंघोळ करा. मगच आत या." त्यानं पॅसेजमध्ये, शेजाऱ्यांच्या दारांसमोर, बादल्या अंगावर घेतल्या. सदऱ्याच्या खिशातून शेवटचं एक निघालं. ते झटकून तो पुन्हा साबण चोळू लागला. एवढ्या तासांनीही काही सवय झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं सोसायटीला साफ सांगून टाकलं. कॉइल यापुढे हाकलणार नाही, फक्त बोलावील. गटारं आहेत तोवर झुरळं येतच राहणार, म्हणून दर रविवारी दुपारी दुकानात बसावं लागेल, आणि दर वेळी एका घरातला एक माणूस. बाकीच्या पाच सोसायट्यांनाही हीच अट. त्या पाचही सोसायट्यांनी मागणी त्याच दिवशी मागे घेतली. पुष्पांजलीच्या नोटीस बोर्डावर मात्र काशिनाथनं आखलेला कागद लागला : 'कॉइलजवळ बसणाऱ्यांनी नावे लिहावीत.' आठवडाभर जाणारे-येणारे तो कागद वाचत, नाक मुरडत आणि लिफ्टचं बटण दाबत. कुणीतरी त्याच्यावरच योगासनांच्या वर्गाची जाहिरात चिकटवली.

शनिवारी संध्याकाळी बाजारातून येताना काशिनाथ बोर्डाशी थांबला. जाहिरात कुणीतरी सोलून काढली होती. कागदावर एकच नाव होतं. वाकडी अक्षरं, एकेक रेघ दाबून ओढलेली : 'नरसम्मा येलदी'.

सोसायटीत न राहणारी बाई. जिला आणखी एक झटका पचणार नव्हता ती बाई. वॉचमननं सांगितलं, "दुपारी आल्या होत्या. म्हणाल्या, तार मी गुंडाळली, आता मीबी बसते की, पंप घेऊन बसते."

शहाण्णव घरं डोक्यावर होती, प्रत्येकात उजेड, प्रत्येकात स्वच्छ ओटा. काशिनाथला त्या सगळ्या उजेडाची शिसारी आली.

महानंदा भाजीची पिशवी घेऊन मागे उभी होती. तिनं पिशवी खाली ठेवली, त्याच्या खिशातलं पेन काढलं, नरसक्काच्या नावावर रेघ मारली आणि खाली आपलं नाव लिहिलं. तिच्या अंगावर आत्ताच काटा आला होता, नाक आत्ताच आक्रसलं होतं.

"मला ओकारी येणार आहे," ती म्हणाली. "आधीच सांगून ठेवते."

"येऊ दे," काशिनाथ म्हणाला. "झटकायचं नाही, एवढंच."

"आणि पाणी कडकडीत ठेवायचं. या खेपेला तुम्ही."